उमलिंग ला बाईकवरून: आधी रात्री मोजा, मग किलोमीटर

दरवर्षी मे महिना संपत आला की मला एकसारखेच फोन सुरू होतात. “दादा, गाडीची तयारी झालीये, फक्त रूट एकदा नजरेखालून घाला.” रूट बघावा तर पुणे ते मनाली तीन दिवस, मनाली ते लेह दोन दिवस, दुसऱ्या सकाळी खारदुंग ला आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी थेट उमलिंग ला. किलोमीटरचा हिशेब चोख, पेट्रोलचा चोख, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांचासुद्धा चोख. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार, हा रकाना मात्र कुणाच्याच एक्सेल शीटमध्ये नसतो.

उमलिंग ला ही लडाखमधली खिंड (‘ला’ म्हणजेच खिंड) ५,७९८ मीटरवर आहे, म्हणजे १९,०२४ फूट. सीमा सडक संघटनेने चिसुमले ते डेमचोक असा ५२ किलोमीटरचा रस्ता या खिंडीवरून नेला आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. निम्मी हवा तुम्हाला आणि निम्मीच तुमच्या इंजिनाला. पुढे जे काही सांगतोय ते स्वतःच्या गाडीवरून, महाराष्ट्रातून निघून, स्वतःच्या पायावर परत येणाऱ्यांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. बहुतेकांची फसगत क्रम उलटा केल्याने होते.

## १. रात्रींचा तक्ता (निघण्याच्या दोन महिने आधी)

कागद घ्या, दोन रकाने आखा: मुक्काम आणि उंची. दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला महत्त्व आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची, असा डॉक्टर मंडळींचा साधारण नियम आहे. रस्त्यावरच्या गावांची उंची आपल्या सोयीने ठरलेली नाही, त्यामुळे नियम एखाद-दुसऱ्या ठिकाणी मोडतो. मोडला की तिथे रात्री वाढवायच्या.

माझा तक्ता असा:

- जम्मू: १ रात्र
- श्रीनगर, १,५८५ मीटर: १ रात्र
- कारगिल, २,६७६ मीटर: २ रात्री
- लेह, ३,५०० मीटर: ३ रात्री
- नुब्रा खोऱ्यात हुंदर, सुमारे ३,१०० मीटर: २ रात्री
- परत लेह: १ रात्र
- चुमाथांग, सुमारे ४,००० मीटर: १ रात्र
- हानले (उमलिंग लाच्या आधीचा शेवटचा मुक्काम), सुमारे ४,३०० मीटर: ३ रात्री
- लेह, मग सरचू किंवा जिस्पा, मग मनाली

श्रीनगरची उंची बघा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्यावर उभं राहिलं की आपण जेमतेम श्रीनगरच्या बाजारपेठेइतके वर असतो. “मी दर रविवारी गडावर जातो, मला काही होत नाही” हे वाक्य म्हणूनच लेहमध्ये चालत नाही. फुप्फुसांची ताकद आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी. उलट तंदुरुस्त माणूस जोरात वर जातो आणि आधी आडवा होतो, हे मी एकदा नाही, चार वेळा पाहिलंय.

आता श्रीनगरकडूनच का? मनालीकडून गेलात तर जिस्पा ३,२०० मीटर आणि त्याच्या पुढचा सोयीचा मुक्काम सरचू ४,२९० मीटर. एका रात्रीत हजार मीटरची उडी. सरचूच्या तंबूत रात्रभर डोकं धरून बसलेल्यांच्या गोष्टी प्रत्येक ग्रुपकडे असतात, त्याचं कारण हे. श्रीनगरकडून चढ टप्प्याटप्प्याने येतो आणि लेहपर्यंतची सगळ्यात उंच खिंड फोटू ला आहे, ४,१०८ मीटर. तीही दिवसा ओलांडून खालीच उतरायची. म्हणून जाताना श्रीनगर, येताना मनाली. अंगाला उंचीची सवय झाल्यावर सरचू काही करत नाही.

तपासा: गाडी रेल्वेने पाठवूनही या तक्त्याला तीन आठवडे लागतात. रजा दोन आठवड्यांची असेल तर उमलिंग ला या खेपेला सोडा, खारदुंग ला आणि नुब्रा करून या. दोन आठवड्यांत उमलिंग ला ‘बसवता’ येतं, पण ते बसवण्यासाठी जे दिवस कापले जातात ते नेमके लेहचे असतात.

महिना कोणता, हेही इथेच ठरवा. जूनमध्ये बर्फाच्या भिंती बघायला मिळतात आणि रस्त्यावर वितळलेलं पाणीही. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलच्या बाजूला दरडी. मला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आवडतो: ओढे ओसरलेले असतात, आकाश मोकळं असतं, थंडी मात्र सहन करावी लागते. तेव्हा गणपती असले तर घरी काय सांगायचं ते ज्याचं त्याने बघावं.

## २. शरीर आणि डॉक्टर

निघण्याच्या सहा आठवडे आधी डॉक्टरकडे जा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, आणि चाळिशी ओलांडली असेल तर हृदयाची तपासणी. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण यातलं काही असेल तर हानलेच्या पुढचा बेत रद्द.

अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळीबद्दल (आपल्याकडे ‘डायमॉक्स’ म्हणून सगळे ओळखतात) डॉक्टरांशी बोला. उंचीचा त्रास टाळायला साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून, अशी देतात. सल्फा गटातल्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. आणि एक-दोन दिवस ती घरीच घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते. हे घरी कळलेलं बरं. क्लचवरच्या बोटांना पहिल्यांदाच मुंग्या आल्या की माणूस भलतंच काहीतरी समजून घाबरतो. गोळी घेतली म्हणून रात्री कमी करायच्या नाहीत. ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

तयारी म्हणून जिमपेक्षा एक काम करा: सलग दोन दिवस रोज आठ तास गाडीवर बसा. पाठ, मांडीचा आतला भाग आणि मनगटं काय बोलतात ते ऐका.

## ३. गाडी

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. निदान हजार किलोमीटर आधी करा आणि नंतर ते हजार किलोमीटर चालवा. नवा पार्ट, ढिला राहिलेला बोल्ट, चुकीचा बसवलेला वॉशर, जे काही बोंबलायचं ते ताम्हिणीत बोंबलू दे, झोजी लावर नको.

साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला अंदाजे दहा टक्के कमी होते. वरच्या उंचीवर निम्मी ताकद उरते आणि तुमच्या मागे पन्नास किलो सामान असतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी हवेप्रमाणे पेट्रोल कमी करते, त्यामुळे ती फक्त मंदावते. जुनी कार्ब्युरेटरची गाडी मात्र पेट्रोल तेवढंच ओढते, हवा कमी. मग काळा धूर, काळा प्लग आणि घुसमट. जाणकार मेकॅनिककडून लहान जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं बारीक छिद्राचं तोंड) घेऊन ठेवा आणि ते स्वतः बदलायला शिका.

या प्रवासात सगळ्यात जास्त काय मरतं? क्लच प्लेट. ताकद कमी पडली की माणूस हाफ क्लचवर गाडी रेटतो, ओढ्यात, वाळूत, हेअरपिनवर, आणि संध्याकाळपर्यंत प्लेटा जळतात. माझ्या पहिल्या खेपेला मी नव्या प्लेटा नेल्या होत्या, पण त्या सॅडल बॅगच्या तळाशी, वर तीन दिवसांचे कपडे, त्यावर चिवड्याचा डबा. रस्त्याच्या कडेला वाऱ्यात अख्खी बॅग उपसली तेव्हा चिवडा अर्ध्या लडाखला वाटून झाला. तेव्हापासून हत्यारं वेगळ्या पिशवीत आणि ती पिशवी सगळ्यात वर.

घ्यायच्या गोष्टी: क्लच प्लेटांचा सेट, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, फ्यूज, चेन लिंक, पुढच्या-मागच्या दोन्ही ट्यूब, टायर लिव्हर, पंक्चर किट, हातपंप किंवा छोटा कॉम्प्रेसर, हवा मोजायचा गेज, एम-सील, केबल टाय, चिकटपट्टी. क्लच केबलची एक युक्ती सांगतो. नवी केबल पिशवीत ठेवू नका. जुनीच्या शेजारून, त्याच वाटेने फिरवून, चिकटपट्टीने बांधून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. गोठलेल्या बोटांनी टाकीखालून केबल ओवण्याचा अनुभव मी घेतलाय, तुम्ही नका घेऊ.

लिक्विड कूल्ड गाडी असेल तर रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, गोठेल. कूलंट बदलून घ्या. बॅटरी दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नवी टाका. हानलेच्या सकाळी ती पहिली मान टाकते.

टायरच्या हवेबद्दल बरीच अंधश्रद्धा आहे. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो म्हणून गेजवरचा आकडा चढतो. थंडीने तोच आकडा उतरतो. दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात. तेव्हा घाबरून प्रत्येक खिंडीवर हवा सोडत बसू नका. लेहमध्ये सकाळी थंड टायरमध्ये मोजून नीट करा आणि विसरा. फुगतात ते वेफर्सचे पुडे आणि शाम्पूच्या बाटल्या. बाटलीचं बूच जपून उघडा.

तपासा: निघण्याच्या दोन आठवडे आधी संपूर्ण सामान लादून वरंधा किंवा ताम्हिणी घाट चढून-उतरून या. वाटेत गाडी आडवी पाडा आणि एकट्याने उचला. उचलली नाही तर सामान कमी करा. ५,००० मीटरवर ती उचलायला तुमच्यात याच्यापेक्षा कमीच बळ असणार आहे.

## ४. कागद, सिम, रोकड

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स मूळ प्रत आणि फोनमध्ये दोन्हीकडे. गाडी तुमच्या नावावर असावी. भावाची असेल तर त्याचं पत्र जवळ ठेवा. बाहेरगावची भाड्याची गाडी घेऊन लडाखमध्ये फिरायला स्थानिक संघटना अडवतात, म्हणून मनालीहून भाड्याने घ्यायचा बेत असेल तर तो लेहपर्यंतच आहे असं समजा.

लडाखच्या आतल्या भागांसाठी ऑनलाइन अर्ज करून शुल्क भरावं लागतं. अर्जात हानले आणि उमलिंग ला ही नावं आली आहेत ना ते बघा आणि पावतीच्या पाच-सहा छापील प्रती काढा, कारण चौकीवर प्रत देऊन टाकावी लागते आणि तिथे झेरॉक्सचं दुकान नसतं. नियम हंगामागणिक बदलतात. लेहमध्ये पोचल्यावर एकदा पुन्हा विचारून घ्या.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड हवं. हे इतकं सांगूनही दर ग्रुपमध्ये एक जण जम्मूला फोन हलवत उभा असतो. पैसे लेहमध्येच काढा, पुढच्या सगळ्या दिवसांचे.

## ५. गाडी वर पोचवणे

पुणे ते जम्मू गाडीवरून जायला चार-पाच दिवस जातात आणि तुम्ही चढाच्या पायथ्याशीच थकलेले पोचता. माझं स्पष्ट मत: गाडी रेल्वेने पाठवा. पुण्याहून झेलम एक्सप्रेस जम्मूला जाते. तिकीट असेल तर त्याच गाडीने ‘लगेज’ म्हणून जाते. ‘पार्सल’ म्हणून टाकलीत तर जागा होईल तेव्हा.

क्रम असा ठेवा. स्टेशनवर जाण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा, ‘थोडं राहू दे’ चालत नाही. आरशांचे दांडे काढा. आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स दोन-दोन. पॅकिंगवाल्याला हेडलाइट, टाकी आणि लिव्हर गोणपाटात नीट गुंडाळायला सांगा आणि तो गुंडाळत असताना तिथेच उभे राहा. टाकीवर नाव, फोन, कुठून-कुठे हे जाड मार्करने. गाडी सुटण्याच्या किमान चार तास आधी पोचा. उतरवून घेतल्यावर पहिलं काम पेट्रोलचं. गाडी ढकलत नेता येईल एवढ्यावर पंप कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

## ६. लेहपर्यंतचा चढ

जम्मू-श्रीनगर रस्त्यावर ट्रकांची गर्दी आणि कुठे ना कुठे काम चालू असतं. पहाटे निघा. श्रीनगरहून सोनमर्ग, मग झोजी ला. उंचीने ३,५२८ मीटरच, पण चिखल आणि समोरून येणारे ट्रक यामुळे ही खिंड नवशिक्यांना सगळ्यात जास्त रडवते. कोणत्या वेळी कुठल्या बाजूची वाहतूक सोडतात ते सोनमर्गला विचारा. ट्रकच्या डोंगराकडच्या बाजूने घुसू नका, तो वळताना तुम्हाला बघत नाही.

कारगिलला दोन रात्री म्हटलं की ग्रुपमध्ये कुरकुर होते. “इथे करायचं काय?” द्रासचं युद्धस्मारक पाहायला अर्धा दिवस द्या, उरलेला वेळ चेन साफ करा, कपडे वाळवा. शरीर दरम्यान आपलं काम करत असतं.

थांबा: लेहला पोचल्यावर पहिले ४८ तास गाडीला हात लावायचा नाही. शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. पाणी प्या, साधं खा, दारू नको, झोपेची गोळी तर मुळीच नको. विमानाने येणाऱ्या मित्राला यातून सूट नाही, उलट त्याला एक दिवस जास्त.

## ७. रंगीत तालीम: खारदुंग ला

चौथ्या दिवशी खारदुंग ला, ५,३५९ मीटर. इथे एक गोष्ट शिकायची असते: वर जायचं, थोडा वेळ थांबायचं आणि पलीकडे खूप खाली, हुंदरला ३,१०० मीटरवर झोपायचं. पंधरा मिनिटं पुरेत. फोटोसाठी रांगेत तासभर उभं राहण्याइतका तो फलक काही सुंदर नाही.

गाडीचीही तालीम इथेच. चढावर पहिला किंवा दुसरा गिअर, इंजिन थोडं वाजू द्या, पण क्लच पूर्ण सोडलेला. गाडी घरघरायला लागली की क्लच दाबून रेस करायची सवय हाताला असते. ती मोडा, गिअर खाली टाका. थांबायचं झालं तर चढाच्या सरळ रेषेत नको, रस्त्याला थोडं तिरपं. पुन्हा निघताना सोपं जातं.

## ८. ‘काही नाही रे’ ओळखणे

हा भाग निवांत वाचा. उंचीचा त्रास साधारण असा सुरू होतो: डोकेदुखी, भूक मेलेली, मळमळ, झोप न लागणं. एवढंच असेल तर त्या उंचीवर थांबा, वर जाऊ नका. त्रास ओसरला तर पुढे. वाढला तर खाली.

आता दोन गोष्टी ज्यात सकाळची वाट बघायची नसते. एक, फुप्फुसात पाणी: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला पुढे ओला होत जाणं, ओठ-नखं निळसर, छातीत घरघर. दोन, मेंदूला सूज: तोल जाणं, बोलणं अडखळणं, विचारलं त्याचं भलतंच उत्तर. तपासायची सोपी रीत: जमिनीवर सरळ रेघ मारा आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. झोकांडी गेली तर चर्चा संपली. लगेच खाली, रात्र असली तरी, गाडीत बसवून. स्वतः बाईक चालवू द्यायची नाही. लेहमध्ये सोनम नोर्बू हे सरकारी रुग्णालय आहे, तिथे असे रुग्ण रोज येतात. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबे काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर वर राहू नका.

अडचण अशी की आपली माणसं सांगत नाहीत. एकदा चुमाथांगला आमच्यातला सगळ्यात बडबड्या गडी जेवताना गप्प होता. “काय रे?” “काही नाही रे, जरा डोकं जड झालंय.” पाच मिनिटांनी बघतो तर तो हातमोजा उलटा घालायचा प्रयत्न करत होता, अंगठा करंगळीच्या जागी, आणि ते त्याला कळत नव्हतं. रेघेवर चालवला, तिसऱ्या पावलाला भिंतीला हात. गाडी ठरवून रातोरात लेह. सकाळी तो दवाखान्यातून पोहे मागत होता. त्यावर्षी आमच्यापैकी तिघेच उमलिंग लावर गेले.

तेव्हा नियम आधीच ठरवा: ग्रुपमधला कुणीही, कुणाबद्दलही, ‘खाली’ म्हणाला की खाली. मत मोजायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर लावा, पण आकड्याने निकाल लावू नका. त्याच माणसाचा कालचा आकडा आणि आजचा, एवढंच बघा. गार बोटावर तो खोटं बोलतो, आधी बोट चोळा.

## ९. हानलेकडे

लेहहून कारू, उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा, हानले. सुमारे २५५ किलोमीटर, बरंचसं सिंधू नदीच्या काठाने. एका दिवसात होतं, म्हणूनच लोक करतात. चुमाथांगची रात्र कापू नका. आणि तिथे सकाळी निर्णयाची बैठक घ्या, कारण हानलेची एक गंमत नकाशावर दिसत नाही: तिथून खाली जायला जवळ ‘खाली’च नाही. सगळीकडे चार हजारांच्या वरचं पठार. साडेतीन हजारांच्या आत यायचं तर उपशीपर्यंत, दोनशे किलोमीटर. हानलेत रात्री दोन वाजता त्रास वाढला तर ते दोनशे किलोमीटर अंधारात कापायचे. किंचितही शंका असलेल्या माणसाने चुमाथांगहून मागे फिरावं.

पेट्रोलचा हिशेब कारूपासून धरा आणि पुढे काही मिळणार नाही असंच समजून चाला. कारू-हानले २२०, हानले-उमलिंग ला-हानले १६०, परत कारू २२०. एकूण ६०० किलोमीटर. माझी गाडी पुण्यात लिटरला बत्तीस देते. लादलेली, खालच्या गिअरमध्ये, मी चोवीसच धरतो. म्हणजे २५ लिटर. टाकी पंधराची, तर दहा लिटरचा पत्र्याचा कॅन. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल नेऊ नका. मित्राने एकदा तंबूत अंधारात तहान लागून बाटली उघडली होती, वासाने वाचला.

ओढे लागले तर सकाळी ओलांडा. बर्फ दुपारी वितळतं, तोच ओढा चार वाजता दुप्पट असतो. आधी चालत जाऊन बघा, पाणी कुठे खळखळतंय तिथे दगड आणि उथळ, कुठे शांत तिथे खोल. पहिला गिअर, पाय फूटरेस्टवर, नजर पलीकडच्या काठावर, मध्ये क्लच नाही.

हानलेत घरगुती मुक्काम मिळतात. पाणी तिथे पंच्याऐंशी-शहाऐंशी अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ-भात कच्चा. पोट नाजूक झालेलं असतं. मी मेतकूट आणि राजगिऱ्याची चिक्की नेतो. पोचलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आराम. रात्री बाहेर येऊन आकाश मात्र बघा, दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण तिथे उगाच नाही बसवलेली. गाडीचे दिवे गावात झाकून वापरा.

## १०. उमलिंग लाचा दिवस

1. सकाळी इंजिन सुरू झालं की पाच मिनिटं तशीच राहू द्या. रेस नको. त्या वेळात पुन्हा एकदा रेघेवर चाला, सगळ्यांनी.
2. सातच्या सुमारास निघा. त्याआधी रस्त्यावरच्या पाण्याचा बर्फ झालेला असतो, तो दिसत नाही.
3. फोटी ला मार्गे जात असाल तर ती ५,५०० मीटरच्या वरची आहे, म्हणजे खारदुंग लाहून उंच. इथे कुणी ढिला वाटला तर इथूनच परत. एकटा नाही, जोडीने.
4. दर तासाला थांबा, दोन घोट पाणी, दोन वाक्यं बोला. बोलण्यावरून कळतं.
5. बारा वाजले की जिथे असाल तिथून मागे. माथा चार किलोमीटरवर दिसत असला तरी. दुपारनंतर वारा सुटतो आणि कडेच्या खडीवर गाडी ढकलतो.
6. माथ्यावर वीस मिनिटं. गाडीवरून उतरून फलकाकडे धावायचं नाही. मी एकाला धावताना आणि लगेच गुडघ्यावर बसताना पाहिलंय. हेल्मेट डोक्यावरून काढलंत तर टोपी घाला.
7. ड्रोन नाही, लष्करी चौक्यांचे फोटो नाहीत. सीमा हाकेच्या अंतरावर आहे. डेमचोककडे ‘जरा पुढे जाऊन येऊ’ म्हणू नका.
8. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने हानलेला, उजेड असताना.

उतरताना न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. गिअरमध्ये ठेवा, ब्रेक तापू देऊ नका. उंचीवरची सुस्ती आणि ‘झालं एकदाचं’ ही भावना एकत्र आली की पडापड होते. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या पडझडी माथ्यानंतरच्या आहेत.

## ११. मनालीमार्गे परत

लेहला एक रात्र घ्या, क्लच आणि ब्रेक पॅड बघून घ्या. पुढे टांगलांग ला, ५,३२८ मीटर, मग मोरेचं पठार, पांग, लाचुंग ला, गाटा लूपची एकवीस वळणं, सरचू. मोरेचं पठार सरळ आणि मोकळं आहे, तिथे सगळे सुसाट सुटतात. कडेची वाळू लक्षात ठेवा. कारूला टाकी आणि कॅन दोन्ही भरा, कारण पलीकडचा भरवशाचा पंप तांडीला, तीनशेहून जास्त किलोमीटरवर. बारालाचा लाचे ओढे सकाळी पार व्हावेत अशा बेताने सरचूहून निघा.

तांडीला पेट्रोल भरताना लक्षात ठेवा: हानलेच्या खडीसाठी कुणी टायरमधली तीन-चार पौंड हवा सोडली असेल तर ती इथे परत भरा. पुढे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा, मग मनालीची गुळगुळीत वळणं, आणि मऊ टायरवर लादलेली गाडी पहिल्याच वळणाला बाहेर ओढते.